दंतरोपणातील शीघ्र भारण
दंतरोपणातील शीघ्र भारण : गमावलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसविलेल्या कृत्रिम मुळावर, सभोवतालचे हाड पूर्ण भरून येण्यापूर्वीच दात चढवून त्यावर चर्वणाचा भार येऊ देणे. सामान्यतः शस्त्रक्रियेनंतर एका आठवड्याच्या आत येणाऱ्या भाराला तात्काळ, एक आठवडा ते दोन महिने या मुदतीतील भाराला शीघ्र व त्यापुढील भाराला रूढ भारण म्हणतात.

स्वीडिश संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० नंतरच्या दशकात सशांवरील प्रयोगांत टिटॅनियम धातू हाडाशी घट्ट एकरूप होत असल्याचे आढळले. या घटनेस अस्थिसंलग्नता म्हणतात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात अशी मुळे बसविली. त्यांच्या मूळ पद्धतीत ती हिरडीखाली झाकून खालच्या जबड्यात सु. तीन महिने व अधिक विरळ हाडाच्या वरच्या जबड्यात सु. सहा महिने भाराविना ठेवीत.

प्रारंभी मूळ केवळ आट्यांच्या पकडीने स्थिर असते (प्राथमिक स्थिरता). छिद्र पाडताना दुखावलेले हाड अस्थिभंजक कोशिका (पेशी) शोषून घेतात, तर अस्थिजनक कोशिका प्रथम अनियमित रचनेचे, दुबळे हाड तयार करतात. पुढे त्याची जागा थरयुक्त, बळकट हाड घेते (द्वितीयक स्थिरता). जुनी पकड सैल झालेली व नवी पुरती जमलेली नाही, अशी अवस्था साधारणपणे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते.

तथापि भार हा स्वतः घातक नसून त्यामुळे होणारी मुळाची हालचाल घातक असते. सु. ५० ते १५० मायक्रोमीटरपर्यंतची हालचाल हाड सहन करू शकते, असे मानले जाते. त्याहून अधिक हालचालीने कोवळ्या रक्तवाहिन्या तुटतात आणि हाडाऐवजी तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) तयार होते. असे मूळ वेदना नसतानाही डळमळते व काढावे लागते. त्यातच हाडाचीही हानी झाल्यास पुढील रोपण अवघड होते. मर्यादेतील भार मात्र हाडाच्या पुनर्रचनेस पोषक ठरू शकतो.

म्हणून शीघ्र भारणासाठी दाट हाड व मूळ बसविताना पुरेसा पीळ (बहुधा ३५ न्यूटन-सेंमी. वा अधिक) आवश्यक समजतात. अनेक मुळे दृढ पट्टीने जोडतात. एकटा तात्पुरता दात समोरच्या दातास लागू देत नाहीत. दात खाण्याची सवय, धूम्रपान व अनियंत्रित मधुमेह असल्यास रूढ मुदत श्रेयस्कर ठरते.

नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर दंतवैद्यक अभ्यासक्रमांत दंतरोपणाचा अंतर्भाव आहे. सुरगाणा, पेठ यांसारख्या दूरच्या तालुक्यांतून नाशिकला येणाऱ्या रुग्णास शीघ्र भारणाने दात लवकर मिळतो. परंतु पहिले काही आठवडे मऊ आहार घेणे व तपासणीस येणे त्यास शक्य नसेल, तर प्रतीक्षा करणेच हिताचे होय.