पुराणिकाची लेक आणि बायबलचे प्रामाण्य

गीताजयंतीस आपण पोथी चौरंगावर ठेवतो, गंधाक्षता वाहतो आणि तिच्या शब्दाला प्रमाण मानून पाठास बसतो. ही रीत केवळ आपल्याच घरची नव्हे. ख्रिस्ती घरीही बायबल ईश्वराचा शब्द म्हणून वाचले जाते. मात्र मीमांसक वेदांना अपौरुषेय म्हणतात, तसे ख्रिस्ती लोक बायबलाविषयी म्हणत नाहीत. ते माणसांनीच लिहिले, निरनिराळ्या शतकांत, मुख्यतः हिब्रू आणि ग्रीक भाषांत. परंतु लिहिणाऱ्यांस प्रेरणा ईश्वराची होती, अशी त्यांची श्रद्धा आहे. एवढे मान्य केले तरी प्रश्न उरतोच. ग्रंथ प्रमाण खरा. पण त्याचा अर्थ कोणाच्या मुखातून आला म्हणजे प्रमाण मानावा?

हा प्रश्न ज्यांनी जन्मभर सोडला नाही त्या पंडिता रमाबाई आमच्याच व्यवसायाच्या घराण्यातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे गावोगाव, क्षेत्रोक्षेत्री पुराण सांगत. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले. त्याबद्दल उडुपीच्या धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला, तेव्हा शास्त्रीबुवांनी क्षमा मागितली नाही. शास्त्रवचनेच पुढे ठेवली. लेकीने वडिलांचा हा बाणा पुरता उचलला होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईबाप दुष्काळात गेले. भावंडे पुराणे सांगत कलकत्त्यास पोहोचली. तेथे १८७८ साली पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती ठेवली, तेव्हा स्त्रीने वेद वाचू नये या शिकवणीत वाढलेल्या रमाबाईंना संकोच वाटला. पुढे आसामात सिल्चरला लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका त्यांच्या हाती आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी महाराष्ट्रात यावरून केवढा गहजब झाला! आम्हांसही ही गोष्ट सुखाची वाटत नाही, हे लपवीत नाही. परंतु पुढचे आख्यान न ऐकता कथेतून उठून जाणे हे श्रोत्याचे लक्षण नव्हे.

रमाबाईंनी धर्म बदलला, पण पृच्छा सोडली नाही. वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या मार्गदर्शक. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. सिस्टरांचे म्हणणे असे, की नवदीक्षिताने चर्चची शिकवण नम्रतेने स्वीकारावी. शास्त्राचा सांभाळ चर्चने केला, म्हणून अर्थही चर्चने सांगावा. रमाबाईंचे उत्तर असे, की येशूचे वचन मला बंधनकारक आहे, धर्मगुरूंच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द नव्हे. त्रैक्याचा सिद्धान्तदेखील त्यांनी केवळ चर्च सांगते म्हणून मानला नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही वाद घातला! सिस्टरांना यात अहंकार दिसला.

आमचे मन, खरे सांगायचे तर, प्रथम सिस्टरांकडे झुकते. आम्ही गुरुपरंपरेत वाढलेले. ज्याने त्याने आपापला अर्थ लावावा म्हटले, की जितकी डोकी तितके पंथ. पण गंमत अशी, की ज्या अँग्लिकन चर्चची ही दीक्षा, त्याच्याच एकोणचाळीस कलमांत असे कलम आहे, की जे शास्त्रात नाही आणि शास्त्राने सिद्धही होत नाही, ते श्रद्धेचा भाग म्हणून कोणावर लादू नये. वादात निर्णय देण्याचा अधिकार चर्चला आहे, असेही त्याच कलमांत लिहिले आहे. अशी कलमे असली म्हणजे वाद मिटत नाहीत. ते सभ्यपणे चालतात, एवढेच.

रमाबाई वादावर थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातल्या निराधार मुलींचा संसार चालवीत असतानाच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. प्रचलित मराठी बायबल त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला ते कळेना. म्हणून स्वतःच भाषांतरास बसल्या. ज्यांनी संस्कृतात पदव्या मिळविल्या त्यांनी संस्कृत शब्द वेचून बाजूला काढावेत! हे काम बरीच वर्षे चालले. १९२१ साली एकुलती कन्या मनोरमा गेली, तरी लेखणी खाली ठेवली नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले.

आपल्या आत्मकथनात रमाबाईंनी पुराणश्रवणाविषयी लिहिले आहे: श्रोते पुण्यासाठी येत, दक्षिणा ठेवीत, अर्थ कळलाच पाहिजे असे नसे. हे वाचून आम्ही पोथी मिटून बसलो होतो. गेल्या चातुर्मासात एका आजीबाईंनी पारायणानंतर आम्हांस विचारले होते, "बुवा, चाळीस वर्षं ऐकते आहे, पण यात म्हटलंय काय?" आम्ही हसून प्रसाद पुढे केला होता.

यंदा एकादशीस पंधराव्या अध्यायाचा पाठ आहे. प्रथम प्रत्येक श्लोकाचा अर्थ सांगू, मग पाठ. वेळ अधिक लागेल. आजीबाईंना पुढच्या रांगेत बसविण्याचे सांगून ठेवले आहे.