महालेखापालाचे ध्यान

मनःशांती हवी तर संसार सोडून हिमालय गाठावा, असा आपल्याकडे समज आहे. ब्रह्मदेशाचे ऊ बा खिन मात्र गृहस्थ होते, १९४८ पासून त्या देशाचे महालेखापाल! कचेरी सांभाळून ते विपश्यना शिकवीत. हाताखालच्या कर्मचाऱ्यांनाही त्यांनी ती शिकवली. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे व्यापारी. अर्धशिशीने बेजार होऊन ते १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले आणि १९६९ मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ मधले.

शिबिर दहा दिवसांचे, मौनाचे. पहिले तीन दिवस नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा. जप नाही, श्वास रोखणे नाही. मन पळाले की न चिडता परत आणायचे. मग अंगातल्या संवेदनाही तशाच पाहायच्या. राग येताच श्वास बदलतो. ते ध्यानी आले तर शब्द तोंडून सुटण्याआधी क्षणभर उसंत मिळते. सारी मेख त्या क्षणात आहे.

शिबिराला शुल्क नाही. तरी आमच्या घरच्यांसारख्या रोजावर जाणाऱ्यांनी दहा दिवसांची मजुरी बुडवावी कशी, हा प्रश्न मला सुटलेला नाही. तूर्त मी एस.टी.च्या थांब्यावर श्वास पाहतो. गाडी उशिरा येते, तेवढा वेळ मिळतो.