कथानकाची जुळणी

चांगली कादंबरी वाचीत असता तिच्यातील घटना आपोआप घडत आहेत, असा भास वाचकाला होतो. वस्तुतः त्या घटनांची जुळणी लेखकाने विचारपूर्वक केलेली असते. एकामागून एक प्रसंग सांगत जाणे म्हणजे कथानक नव्हे. बीजातून अंकुर फुटावा, तसा आधीच्या प्रसंगातून पुढचा प्रसंग निघाला म्हणजेच कथानक सिद्ध होते.

या दृष्टीने थोर इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ ही कादंबरी मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० या काळात दरमहा भागशः प्रसिद्ध झाली. एकदा छापलेला भाग मागे घेता येत नसे. म्हणून प्रत्येक भागासाठी डिकन्स एक कागद घेत. त्याच्या डाव्या बाजूस ते मनातील कल्पना व प्रश्न टिपून ठेवीत आणि प्रश्नापुढे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘एवढ्यात नको’ असे उत्तर मांडीत. उजव्या बाजूस प्रकरणांची नावे व मुख्य प्रसंग असत. हे कागद लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेले आहेत.

डोराचा प्रश्न मात्र लवकर सुटेना. डोरा ही कथानायक डेव्हिड याची प्रिया. मनाने निर्मळ, पण व्यवहारात अजाण. तिचे पुढे काय करावे? ७ मे १८५० रोजी डिकन्स यांनी आपल्या मित्रास कळविले की, डोराविषयी अजून निश्चय होत नाही; परंतु तो आजच केला पाहिजे. जूनच्या भागात तिचा विवाह झाला. पुढच्या भागात त्या दोघांचा विस्कळित संसार वाचकांसमोर आला. ऑगस्टच्या भागात, आजारी डोराला उचलून जिन्यावरून नेताना ती दिवसेंदिवस हलकी होत असल्याचे डेव्हिडला जाणवते आणि त्याच्या काळजात धस्स होते. सप्टेंबरच्या भागात तिचा अंत होतो. वाचकाला दुःख होते. पण लेखकाने आपल्याला फसविले, असे त्याला वाटत नाही.

मराठीत हरि नारायण आपटे यांनीही १८९० साली सुरू केलेल्या ‘करमणूक’ पत्रातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध केल्या. अशा लेखकाला पुढचे सारे आधीच ठाऊक असते असे नाही. परंतु मागे काय पेरले आहे, याचे स्मरण त्याला सदैव ठेवावे लागते. पेरलेले उगवले, तरच वाचकाचा कथेवर विश्वास बसतो.