ठिबकचा सांधा कशाचा घ्यावा?

आमच्या शहादा तालुक्यात केळी-पपईला बहुतेक ठिबकचेच पाणी. १६ मि.मी.ची काळी नळी जोडताना ना सोल्युशन लागते, ना आटे. दातेरी जॉइनर नळीत दाबून बसवला की झाले.

पण तो कशाचा घ्यावा? पितळ दिसायला मजबूत. मात्र नळीतले क्षार काढण्यासाठी सोडलेले आम्ल पितळाला खाते. पॉलिप्रॉपिलीनला त्याची बाधा होत नाही. रंगही काळाच पाहावा. प्लॅस्टिकमध्ये मिसळलेली काजळी त्याला उन्हापासून वाचवते. पांढरा, स्वस्त जॉइनर आमच्याकडच्या उन्हात लवकर तडकतो. रात्रीच्या विजेवर पाणी सुरू असताना सांधा निसटला, तर पुढच्या केळी सकाळपर्यंत कोरड्या! नळी कडक वाटल्यास टोक कोमट पाण्यात बुडवावे. विस्तवावर शेकू नये.