चित्त्यासाठी शेळ्यांच्या गोठ्यात

नामिबियातील बहुतेक चित्ते अभयारण्यात नव्हे, तर खासगी पशुपालकांच्या कुरणांत राहतात. राखीव जंगलात सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, पिल्ले मारतात. कुरणांच्या मुलखातून हे दोन्ही प्राणी माणसाने कधीच हुसकावले, म्हणून चित्ता तिथे टिकला. पण मेलेल्या प्रत्येक वासराचा आळही त्याच्यावर येऊ लागला. 1980 च्या दशकात तेथील शेतकऱ्यांनी हजारो चित्ते मारले किंवा पकडले. या वैरावर तोडगा काढण्यासाठी लॉरी मार्कर यांनी 1990 मध्ये ‘चीता कॉन्झर्वेशन फंड’ स्थापन केला. ओचिवारोंगो शहराजवळच्या त्याच्या केंद्रावर परदेशी स्वयंसेवक शुल्क भरून राबायला येतात.

चित्त्याच्या ओढीने आलेल्यांना शेळ्या आणि कुत्र्यांचेही काम करावे लागते, आणि ते योग्यच आहे. कारण चित्ता वाचतो तो गोठ्यात. 1994 पासून संस्था शेतकऱ्यांना अनातोलियन शेफर्ड व कंगाल जातीची राखणदार कुत्री देते. पिल्लू शेळ्यांच्या सहवासातच वाढते आणि कळपालाच आपले गणगोत समजते. मोठेपणी ते कळप आणि श्वापद यांच्यामध्ये उभे राहून भुंकते. चित्ता अंगाने हलका. जखम झाली तर शिकार बंद आणि उपासमार सुरू, म्हणून तो झुंज टाळून निघून जातो. शेतकऱ्याला बंदूक उचलावी लागत नाही. स्वयंसेवकांनी गोठे झाडायचे, कुत्र्यांना खाऊ घालायचे, लस टोचताना शेळी धरून ठेवायची.

केंद्रातले चित्ते बहुतांशी लहानपणी आई गमावलेले, रानात सोडण्याजोगे न राहिलेले. त्यांच्यासाठी मांस कापणे, भांडी घासणे, आवारातील हाडे वेचणे हा रोजचा धबडगा. व्यायाम म्हणून मोटरने ओढलेल्या चिंधीमागे त्यांना पळवतात. पाहण्यासारखे असते ते एवढेच.

प्रयोगशाळेत चिकाटी लागते. रानातून आणलेली विष्ठा नायलॉनच्या मोज्यात बांधून धुतात. मागे उरलेले केस सूक्ष्मदर्शकाखाली तपासले की चित्त्याने काय खाल्ले ते कळते: पाळीव जनावर की हरिण. शेतकऱ्याशी बोलताना हाच पुरावा कामी येतो. चित्ते ठरावीक झाडांवर गंधखुणा करतात. तिथल्या कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे चाळून ठिपक्यांच्या नक्षीवरून एकेक चित्ता ओळखायचा असतो. बऱ्याच छायाचित्रांत मात्र नुसते हललेले गवत.

भारताशीही या संस्थेचा दुवा आहे. 17 सप्टेंबर 2022 रोजी मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात आलेले आठ चित्ते नामिबियातलेच. त्यांच्या स्थलांतरात तिचा सहभाग होता.

स्वयंसेवेच्या नावाखाली चालणारे सगळेच प्रकल्प असे नसतात. दक्षिण आफ्रिकेत काही ठिकाणी पाहुण्यांना बाटलीने दूध पाजता यावे म्हणून सिंहाचे छावे आईपासून लवकर तोडले जातात. वाढलेले सिंह पुढे कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात. ‘ब्लड लायन्स’ या 2015 च्या माहितीपटाने हा धंदा उघड केला. छाव्याला कुशीत घेऊन फोटो काढू देणाऱ्या प्रकल्पाला पैसे देऊ नयेत.