गोठ्याच्या माळ्यावरचे घुबड आणि एक फोटो



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी शिवारात आलो की आपल्यापैकी बरेच जण विचारतात, "साहेब, गळ्यात हे काय अडकवलंय? नोंदीपेक्षा ऊस कमी भरला म्हणून पुरावा गोळा करताय की काय?" तसे काही नाही. कॅमेरा जुना आहे, दुसऱ्याच्या हातचा घेतलेला. लांबचे जवळ दिसते एवढाच त्याचा गुण. त्याने मी पाखरांचे फोटो काढतो. या छंदाने मला एक धडा शिकवला, तो आपल्यालाही उपयोगी पडेल म्हणून आज लिहीत आहे.

पूर्वी पाखरू ओळखायचे तर ते मारून हातात घ्यावे लागे. थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली (१८९६–१९८७) यांची सुरुवातसुद्धा छऱ्याच्या बंदुकीनेच झाली. लहानपणी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि जन्मभर पाखरांचेच होऊन राहिले. आज ओळख पटवायला बंदूक लागत नाही. फोटो घरी येतो, पाखरू रानातच राहते.

यासाठी अभयारण्यात जायची गरज नाही. नांगर चालू झाला की मागे गायबगळे, साळुंक्या आणि कोतवाल हजर होतात. ते हुमणीच्या पांढऱ्या अळ्या कशा टिपतात ते एकदा कॅमेऱ्यातून बघा. मोटारीच्या तारेवर वेडा राघू, विहिरीच्या कठड्यावर खंड्या, बांधाच्या मोकळ्या जागेत टिटवी. हिवाळ्यात पाटाच्या कडेने शेपटी हलवत फिरणारा धोबी हा तर लांबून आलेला पाहुणा. पावसाळ्यात सुगरण आपल्याच उसाच्या पानाच्या चिरफळ्या काढून विहिरीवरच्या बाभळीला घरटी टांगते. हे सगळे आपण रोज बघतो, पण बघून सोडून देतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०२२ सालची दिवाळी तोंडावर आली होती. आपल्या एका सभासदाच्या आडसाली उसात उंदरांनी बुडाच्या कांड्या कुरतडल्या होत्या. ऊस लोळलेला, आत शिरायला वाट नाही. मी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या टाकायला सांगितल्या आणि पुढच्या गटात गेलो.

चार-पाच दिवसांनी पाहणीला गेलो, तर त्यांच्या आई म्हणाल्या, "सायेब, गोठ्याच्या माळ्यावर घुबड बसतंय. रातभर माणूस घोरल्यागत आवाज येतुया. घरात आजारी माणूस, आन् असलं अशुभ डोक्यावर! उद्या पोरं धूर करून हाकलणार हायती."

मी म्हणालो, "आजी, एक रात्र थांबा."

संध्याकाळी कडब्याच्या गंजीला टेकून बसलो. दिवस मावळता मावळता पांढऱ्या बदामासारख्या तोंडाचे पाखरू आवाज न करता आत आले. गव्हाणी घुबडच ते. फ्लॅश मारला नाही, त्याने त्याचे डोळे दिपतात. उजेड कमी, म्हणून फोटो दाणेदार आला. पण कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मोठा करून आजींना दाखवला. चोचीत उंदीर, शेपूट खाली लोंबतेय. माळ्यावर दोन पिले होती. घोरल्याचा आवाज त्यांचाच.

आजींनी बराच वेळ बघितले. "आमच्या उसातला उंदीर हाय व्हय?"

"दुसरा कुठला असणार?"

"मग ऱ्हाऊ द्या बापडं. आपल्या वैऱ्याला खातंय."

धूर रद्द झाला. एका फोटोने काम केले म्हणून मी खुशीत घरी आलो.

आठ दिवसांनी फोन आला. जोडीतले एक घुबड गव्हाणीखाली मरून पडले होते. अंगावर जखम नाही की काही नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठणे बंद होऊन मरायला त्याला काही दिवस लागतात. तोवर तो सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर घुबडाला आयता सापडतो. विष उंदरातून घुबडात जाते. कृषी पदविकेला असताना उंदीर मारायची औषधे पाठ केली होती, पण वड्या लिहून देताना गोठ्यात कोण राहते हे मी विचारले नव्हते. चूक सभासदाची नव्हती, माझी होती. माझ्या फोटोतला तो उंदीर वडी खाल्लेला असेल का, हा प्रश्न मला आजही पडतो. म्हणून तो फोटो मी पुसलेला नाही.

गव्हाणी घुबड रात्रीत एक-दोन उंदीर सहज फस्त करते, पिले असली तर जास्तच लागतात. पगार नाही, रजा नाही. असा राखणदार आपल्याच हाताने जाऊ नये, म्हणून ही पथ्ये पाळावीत.

१. गोठ्यात, पडक्या घरात किंवा ढोलीत घुबड आहे का ते आधी बघावे. असल्यास त्या शिवारात आधी सापळे व पिंजरे लावावेत.

२. औषध वापरावेच लागले तर चालू बिळातच टाकून बीळ बुजवावे. बांधावर उघडे टाकू नये.

३. रोज सकाळी फिरून मेलेले उंदीर गोळा करावेत व खोल पुरावेत.

४. ऊस लहान असेतो रानात इंग्रजी टी आकाराचे पक्षीथांबे उभे करावेत.

आता फोटोविषयी. सकाळी लवकर जावे, सूर्य आपल्या पाठीशी असावा. पाखराच्या डोळ्यावर नेम धरावा. उडत्या पाखरासाठी सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग ठेवावा, नाहीतर पंख पुसट येतात. पाखरे माणसाला बुजतात पण ट्रॅक्टरला आणि बैलगाडीला सहसा बुजत नाहीत, त्यामुळे गाडीवर बसूनच फोटो घ्यावा. घरट्याजवळ जाऊ नये, आडव्या फांद्या तोडू नयेत. आई-बाप घरटे सोडून जातात. मोबाईलवर आवाज लावून पाखरांना फसवू नये.

फोटोबरोबर तारीख, गट नंबर आणि पाखरू काय खात होते एवढे वहीत टिपावे. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातली पाखरे मोजतात, आपल्या देशातही मोजतात. त्यात आपल्या पोराबाळांनी जरूर भाग घ्यावा.

उरलेल्या एकट्या घुबडाने दोनपैकी एक पिलू वाढवले. ते पहिल्यांदा गोठ्याबाहेर उडाले तेव्हा आजींच्या नातवाने मोबाईलवर फोटो घेतला. हललेला आहे, अर्धा पंख चौकटीबाहेर आहे. पण आमच्या गट कार्यालयात पाळीपत्रकाच्या शेजारी तोच टाचला आहे. उंदराचे औषध मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो दाखवतो आणि विचारतो, "तुमच्या गोठ्यात कोण राहतं?"

आपल्याकडचे फोटो घेऊन जरूर यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी