ब्रॅडमन थोर, गावसकर थोर की सचिन?

क्रिकेटचा सामना सुरू झाला की आपल्या वस्त्यांतून एक वाद हमखास रंगतो. सचिन मोठा की गावसकर? की दोघांहूनही ब्रॅडमन मोठे? आजोबा, वडील आणि मुलगा आपापल्या काळाचा खेळाडू पुढे करतात आणि चहा गार झाला तरी निकाल लागत नाही. आमचा दिवस आकड्यांच्या वहीतच जातो. तेव्हा हा हिशेब एकदा नीट मांडून पाहू या.

सर डॉन ब्रॅडमन यांनी १९२८ ते १९४८ या काळात ५२ कसोटी सामन्यांत ६,९९६ धावा केल्या, सरासरी ९९.९४. सुनील गावसकर यांनी १९७१ ते १९८७ मध्ये १२५ सामन्यांत १०,१२२ धावा केल्या, सरासरी ५१.१२. सचिन तेंडुलकरने १९८९ ते २०१३ मध्ये २०० सामन्यांत १५,९२१ धावा केल्या; सरासरी ५३.७८. एकूण धावा मोजल्या तर सचिन पहिला, सरासरी पाहिली तर ब्रॅडमन.

परंतु काळ सारखा नव्हता. ब्रॅडमन यांच्या वेळी पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवरही खेळावे लागे. मात्र त्यांचे सर्व कसोटी सामने ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या दोनच देशांत झाले. गावसकर वेस्ट इंडिजच्या तोफखान्यासमोर हेल्मेटशिवाय उभे राहिले आणि त्याच संघाविरुद्ध त्यांनी १३ शतके ठोकली. सचिनच्या वाट्याला जगभरच्या खेळपट्ट्या आल्या आणि शिवाय ४६३ एकदिवसीय सामन्यांची दगदग.

म्हणून आमच्या मते खेळाडूची तुलना आधी त्याच्या काळातल्या खेळाडूंशी करावी. सचिनच्या शेजारी लारा ५२.८८, द्रविड ५२.३१, कॅलिस ५५.३७. सारे जवळजवळच उभे आहेत. ब्रॅडमन यांच्या शेजारी इंग्लंडचे हॅमंड ५८.४५ आणि वेस्ट इंडिजचे जॉर्ज हेडली ६०.८३. म्हणजे ब्रॅडमन तब्बल ३९ धावांनी पुढे! या मोजणीत पहिला क्रमांक त्यांचाच, हे मोकळ्या मनाने मान्य करावे लागते.

पण वही इतक्यात मिटवू नका. सरासरी त्यांचीच निघते, ज्यांना मैदानात उतरू दिले गेले. हेडली एवढे मोठे फलंदाज, पण काळे म्हणून कर्णधारपद त्यांना एकाच कसोटीपुरते, तेही १९४८ साली मिळाले. केपटाऊनच्या बेसिल डॉलिव्हेरा यांना कातडीच्या रंगामुळे स्वतःच्या देशाकडून खेळताच आले नाही. ते इंग्लंडला गेले आणि १९६६ साली, तिशी उलटल्यावर, त्या संघातून पहिली कसोटी खेळले. तरुणपणीच्या धावा कोणत्या तक्त्यात शोधायच्या?

आपल्याकडेही असेच घडले. चर्मकार समाजातील पालवणकर बाळू यांना पुण्यात चहा मिळे तो पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हे त्या काळचे नामांकित फलंदाज. त्यांना ते पद १९२३ साली मिळाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. भारताचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ साली. तोवर विठ्ठल यांचा खेळण्याचा काळ सरला होता. कसोटीच्या तक्त्यात त्यांच्या नावावर एकही धाव नाही.

तेव्हा पुन्हा हा वाद रंगेल, तेव्हा मुलांना ब्रॅडमन, गावसकर, सचिन जरूर सांगा. सोबत विठ्ठल यांचेही नाव सांगा. आणि आपल्या मुलाने किंवा मुलीने बॅट हाती घेतली, तर "यातून काय मिळणार?" असे एकदम म्हणू नका. आधी त्यांना मैदानात उतरू द्या. सरासरी नंतर काढता येईल.